आधीं ओल, मग रंग

श्रोतेहो, दसरा-दिवाळी जवळ आली कीं आपल्या बहुतेक घरांत एक ठराविक संवाद ऐकूं येतो. गृहिणी भिंतीकडे बोट दाखवून म्हणते, "यंदा तरी रंग काढायला हवा." यजमान खिशाचा अंदाज घेऊन म्हणतात, "पुढच्या वर्षीं पाहूं." आणि शेवटीं घरांत एखादें कार्य निघालें, कीं आठ दिवसांत घाईघाईनें कुंचे फिरतात. या रंगसफेदीविषयीं चार व्यवहारोपयोगी गोष्टी मीं सांगाव्या, अशी मला सूचना झाली आहे. मी इंजिनियर नव्हें कीं रंगारी नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सदतीस वर्षें मुलांना गणित व सृष्टिविज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार तो कोणता? अधिकार एवढाच कीं, या बाबतींत मीं एक मोठी चूक केलेली आहे, ती स्वतःच्या पैशानें केलेली आहे, आणि ती निस्तरतांना जें कांहीं शिकलों तें मी स्वतःच वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों होतों.

आमचें वडिलोपार्जित घर सातारा जिल्ह्यांत कृष्णाकांठच्या एका गांवीं आहे. दगडी जोतें, त्यावर विटांच्या व मातीच्या जाड भिंती, भिंतींत उभे केलेले सागवानी खांब आणि आंतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, असें तें शंभरी ओलांडलेलें घर. माजघराच्या एका भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात ओल असे. पावसाळ्यांत ती थोडी वर चढे, उन्हाळ्यांत खालीं उतरे. आई त्याच भिंतीशीं खाट टाकून निजत असे. दर दिवाळीला गांवांतील एक म्हातारा सफेदीवाला येई, भिंत खरवडी, चुन्याचे दोन हात देई आणि जाई. मी निवृत्त झालों त्याच वर्षीं कन्येचा विवाह ठरला. फंडाचे पैसे हातीं आले होते. ही ओल आतां कायमची झांकून टाकावी, असें मनांत घेऊन मीं एका कंत्राटदारास बोलावलें. म्हाताऱ्यानें भिंतीवर पंजा ठेवला आणि तो म्हणाला, "गुरुजी, हिला झांकूं नगा. पाणी कुठनं येतंय त्ये आधी बघा. मागली मोरी उकलून बघा." मीं त्याचें म्हणणें हंसण्यावारी नेलें. चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर लांबी भरली गेली, त्यावर तुकतुकीत प्लॅस्टिक रंग चढला. लग्नास आलेल्या पाहुण्यांनीं भिंतीची वाखाणणी केली. भिंतीचें स्वतःचें मत मात्र मला दुसऱ्या पावसाळ्यांत कळलें.

तें सांगण्यापूर्वीं, पाणी भिंतींत चढतें कसें याचा विचार करूं. समईची वात तेल वर ओढून घेते. टॉवेलाचें एक टोंक बादलींतल्या पाण्यांत राहिलें, तर घटकाभरानें वरचा कोरडा भागही ओला झालेला आढळतो. याला आपण केशाकर्षण म्हणतों. नळी जितकी बारीक, तितकें पाणी तिच्यांत अधिक उंच चढतें. वीट, माती, चुना आणि सिमेंट या सर्वांत अशा सूक्ष्म नळ्यांचें जाळें असतें. पायाखालच्या जमिनींत ओलावा असला, कीं तो या जाळ्यांतून वर चढूं लागतो, आणि चढतां चढतां भिंतीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडूनही जात असतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं शाळेंत अंकगणित केलें आहे, त्यांना हौदाचें उदाहरण आठवत असेल. एक नळ हौद भरतो, दुसरा तो रिकामा करतो. तर हौद किती वेळांत भरेल? ओली भिंत हा तसलाच एक हौद आहे. खालून येणारें पाणी आणि पृष्ठभागावरून उडून जाणारें पाणी जेथें समसमान होतें, तेथें ओलीची रेघ थांबते. जमिनीतून चढणारी ओल बहुधा कमरेइतक्या उंचीच्या आंतच राहते, तिचें कारण हेंच. आतां या भिंतीवर आपण घट्ट सिमेंटचा गिलावा चढविला आणि त्यावर प्लॅस्टिक रंगाचा पापुद्रा ओढला, तर काय होईल? भरणारा नळ चालूच आहे आणि रिकामा करणारा नळ आपण बुजवला आहे. पाणी वर चढणार, आणि बाहेर पडावयास जागा मिळेपर्यंत चढणार. हें गणित मीं किती मुलांकडून सोडवून घेतलें असेल, त्याची गणती नाहीं. माझ्या स्वतःच्या माजघरांत मात्र तें मला सुचलें नाहीं.

दुसऱ्या पावसाळ्यांत सिमेंटच्या वर, जेथें जुना चुना उघडा होता तेथें, ओलीची नवी रेघ उमटली. म्हणजे हात-दीड हाताची ओल आतां खांद्यापर्यंत आली. त्याच सुमारास रंगाला फोड आले, फोड फुटून पोपडे पडूं लागले आणि त्यांच्या आड पांढरी, मऊ, खारट भुकटी दिसूं लागली. यालाच आपण लोणा लागणें म्हणतों. जमिनीतील पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतें. पाणी उडून जातें आणि क्षार मागें उरतात. त्यांचे स्फटिक रंगाच्या पापुद्र्याखालीं वाढूं लागले, कीं ते पापुद्र्याला बाहेर ढकलतात. तिसऱ्या वर्षीं गिलाव्यावर बोटाची गांठ आपटली असतां तो पोकळ वाजूं लागला. आईचा खोकला हटेना. डॉक्टरांनीं तिची खाट त्या खोलींतून हलविण्यास सांगितलें. आणि एके दिवशीं माडीची जमीन एका कोंपऱ्यांत बोटभर खचलेली दिसली. तेव्हां भीतीनें गिलावा फोडविला. आंतल्या सागवानी खांबाचा बुंधा इतका कुजला होता, कीं लांकूड चिमटींत चुरगळत होतें. ज्या खांबानें शंभर वर्षें माडी तोलून धरली, तो माझ्या तीन वर्षांच्या टापटिपीनें खाल्ला.

टेकू देऊन खांबाचा खालचा भाग बदलावा लागला. मग म्हाताऱ्याचे शब्द आठवले आणि भिंतीपलीकडची मोरी उकलली. दोन फरश्यांमधला सांधा उघडा पडला होता. घरांतील प्रत्येक माणसाच्या स्नानाचें पाणी रोज थोडें थोडें भिंतीच्या पायांत मुरत होतें. ती मोरी नीट करण्यास एका गवंड्याचे दोन दिवस लागले. जें काम दोन दिवसांच्या मजुरींत झालें असतें, तें मीं फंडाचे पैसे घालून बिघडविलें होतें.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें, कीं रंग ही घरदुरुस्तीची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. भिंतीवर डाग दिसला तर रंगाचें दुकान गाठूं नये. आधीं तो डाग वाचावा. पाणी चार वाटांनीं येतें, आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी असते.

ओल जमिनीलगत असून तिची वरची कड साधारण आडव्या रेघेसारखी असेल आणि तेथें लोणा दिसत असेल, तर पाणी खालून येत आहे. डाग छताशीं किंवा कोंपऱ्यांत असून पावसाबरोबर वाढत असेल, तर फुटकें कौल, तुंबलेली पन्हळ अथवा गच्चीची भेग पाहावी. डाग पश्चिमेच्या वा नैर्ऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या आसपास असेल, तर तें पावसाच्या झडीचें काम समजावें. आपल्याकडील पावसाळी वारा त्याच दिशेनें येतो. पुण्यास वर्षांत सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईस २,००० मिलिमीटरांहून अधिक. तेव्हां पुण्याच्या भिंतीला जें साधेल, तें मुंबईच्या भिंतीला साधेलच असें नाहीं. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झांवळ्यांचे झांप बांधतात, त्यांतलें शहाणपण हेंच. पाणी भिंतीला शिवूंच द्यावयाचें नाहीं. चौथी वाट घरांतलीच आहे. भिंतींत पुरलेला नळ गळत असतो, नाहीं तर स्वयंपाकघराची व न्हाणीघराची वाफ थंड भिंतीवर बसून पाणी होते.

या चौथ्या प्रकाराची परीक्षा घरच्या घरीं करतां येते. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद वीतभर चौरस कापून ओल्या जागेवर ठेवावा आणि त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या. दोन दिवसांनीं पाहावें. कागदाच्या खोलीकडील बाजूवर पाण्याचे बिंदु असतील, तर ओलावा खोलीतील हवेचा आहे. खिडकी उघडी ठेवणें हेंच त्याचें औषध. बिंदु कागदाच्या मागें असतील, तर पाणी भिंतींतून येत आहे. नळ गळतो कीं काय, हें पाहण्यासाठीं घरांतील सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आंकडा लिहून ठेवावा आणि दोन तासांनीं पुन्हा वाचावा. कोणीही पाणी घेतलें नसतां आंकडा पुढें सरकला असेल, तर चोर घरांतच आहे.

आणखी एक साधन अगदीं साधें आहे, तें म्हणजे शिसपेन्सिल. ओलीच्या कडेवर पेन्सिलीनें रेघ ओढावी आणि शेजारीं तारीख घालावी. महिन्यानें पुन्हा पाहावें. ओल वाढते आहे कीं उतरते आहे, हें मग आठवणीवर वा तर्कावर सोंपवावें लागत नाहीं. भिंतीला भेग असल्यास तिच्यावर आडवी कागदाची पट्टी घट्ट डकवून तारीख लिहावी. कांहीं महिन्यांनींही पट्टी शाबूत राहिली, तर भेग जुनी आणि शांत आहे. ती खुशाल बुजवावी. पट्टी फाटली, तर भेग वाढत आहे. तेथें आपण हात न घालतां जाणकार इंजिनियरास बोलवावें. स्वतःच्या हातानें घर दुरुस्त करण्याची हौस चांगली. पण खांब, तुळई, वाढती भेग आणि विजेच्या तारा, या चार ठिकाणीं ती हौस आवरावी.

पाण्याची वाट सांपडली, कीं उपाय बहुतेक वेळां स्वस्त असतो. पन्हळ साफ करणें, फुटकें कौल बदलणें, मोरीचा सांधा भरणें, जोत्याशीं साठलेल्या मातीचा ढीग काढणें, पागोळीचें पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार देणें, हीं सारीं सुट्टीच्या दिवसांत होणारीं कामें आहेत. यानंतर मात्र सर्वांत कठीण काम येतें, आणि तें म्हणजे वाट पाहणें. जाड भिंत एका आठवड्यांत वाळत नाहीं. पंचांगाप्रमाणें सांगावयाचें तर आषाढ-श्रावणांत दोष हेरावा, फाल्गुन-चैत्रांत दुरुस्ती करावी आणि रंगाचें नांव पुढल्या दिवाळीस काढावें. मधलें वर्ष भिंत कुरूप दिसेल, दिसूं द्यावी.

आतां सिमेंटविषयीं एक खुलासा करतों, नाहीं तर माझा त्यावर राग आहे असा कोणाचा समज व्हायचा. आज ज्याला आपण पोर्टलंड सिमेंट म्हणतों, त्याचें पेटंट १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें घेतलें. आपल्याकडे पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ मध्यें सुरू झाला. त्यापूर्वींच्या आपल्या घरांच्या भिंती बहुतांशीं चुन्याच्या वा मातीच्या आहेत. काँक्रीटचे खांब आणि सिमेंटच्या विटा असलेल्या इमारतीला सिमेंटचा गिलावा शोभतो. परंतु माती-चुन्याची मऊ भिंत ओलावा पितेही आणि सोडतेही. तिला सिमेंटचें चिलखत घातलें, कीं ती आंतल्या आंत कुजते. जुन्या भिंतीचा गिलावा पडला असेल, तर एक भाग चुना आणि तीन भाग स्वच्छ वाळू असा चुन्याचाच गिलावा करावा. जेथें ओलीचें भय आहे, तेथें विटेची बारीक सुरखी मिसळावी. जुन्या पिढीचे गवंडी बैलाच्या घाणींत चुना मळून घेत. ती घाणी आज क्वचितच दिसते, पण चुन्याचें काम जाणणारे कारागीर अजून अगदींच नाहींसे झालेले नाहींत, शोधल्यास सांपडतात.

चुना हा मास्तराच्या आवडीचा पदार्थ आहे, कारण त्याचा प्रवास वर्तुळाकार आहे. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजली, कीं तिच्यांतील कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे आपण उच्छ्वासावाटें सोडतों तोच वायु, निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतली, तर ४४ ग्रॅम वायु उडून जाऊन ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें, कीं तो १८ ग्रॅम पाणी पिऊन तापतो, फुलतो आणि ७४ ग्रॅम भिजलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीवर लावला, कीं तो हवेंतला कर्बद्विप्राणिद वायु पुन्हा हळूहळू शोषून घेतो, पाणी सोडून देतो आणि पुन्हा १०० ग्रॅम चुनखडीच होतो. म्हणजे सफेदी केलेल्या भिंतीवर आपण दगडाचाच एक पातळ थर चढवीत असतों, आणि तोही असा, कीं ज्यांतून वाफेला जातां-येतां येतें. गोमंतकांतील जुन्या देवळांच्या भिंतींवर चुना आणि लाल काव यांनीं केलेलें नक्षीकाम इतके पावसाळे सोसून टिकलें आहे, त्यावरून चुन्याची पकड किती घट्ट असते तें ध्यानांत येईल.

सफेदीची कृति सांगतों; ज्यांना हवी असेल त्यांनीं लिहून घ्यावी. कळीचा चुना १ किलो असेल, तर पाणी सुमारें ५ लिटर घ्यावें. मिश्रण साईसारखें पातळ झालें, कीं तें २४ तास तसेंच राहूं द्यावें आणि मग जाड्याभरड्या कापडांतून गाळून घ्यावें. दर १० लिटर मिश्रणास ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून घालावा, म्हणजे सफेदी हाताला लागत नाहीं. पांढऱ्यास उठाव यावा म्हणून दर किलो चुन्यास फार तर ३ ग्रॅम नीळ पाण्यांत कालवून घालावी. हात सैल सोडला तर भिंत आजारी दिसूं लागते. रंग हवा असल्यास गेरू, पिवडी अशा मातीच्याच रंगांचा उपयोग करावा. फुलापानांचे रंग चुन्याच्या तीव्रतेपुढें टिकत नाहींत. ओला असतांना दिसतो त्याहून हा रंग वाळल्यावर पुष्कळ फिका होतो. म्हणून आधीं एका विटेवर लावून, वाळवून पाहावा.

भिंतीचे जुने, सुटलेले पोपडे खरवडून काढावे, ती झाडून घ्यावी आणि किंचित् ओली करावी. कुंचा प्रथम वरून खालीं, मग खालून वर, आणि तो हात वाळण्यापूर्वींच आडवा, एकदां उजवीकडून व एकदां डावीकडून फिरवावा. एवढें झालें म्हणजे एक हात पुरा झाला. नव्या गिलाव्यास असे तीन हात लागतात; जुन्या सफेदीवर एक-दोन पुरतात. नवख्या माणसाची नेहमींची चूक अशी, कीं ओला चुना पारदर्शक दिसतो म्हणून तो जाड लेप देतो. पांढरेपणा वाळतांना येतो. जाड लेप तडकून पडतो. पातळ लेप टिकतो. ज्या भिंतीवर आधीं तेलाचा किंवा प्लॅस्टिकचा रंग आहे, तिच्यावर सफेदी धरत नाहीं. तो रंग पूर्ण काढला पाहिजे.

येथें एक कळकळीची सूचना. कळीचा चुना भिजतांना उकळतो आणि त्याचे शिंतोडे उडतात. एक थेंब डोळ्यांत गेला, तर दृष्टि जाऊं शकते. ज्यांना संवय नाहीं त्यांनीं भिजवलेल्या चुन्याची पूड बाजारांतून आणावी, हें उत्तम. कळीच भिजवावयाची असेल, तर ती उघड्यावर, लोखंडी पिंपांत भिजवावी. प्लॅस्टिकच्या बादलींत नको आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत तर मुळींच नको, कारण चुना त्या धातूला खातो. आधीं पाणी घ्यावें आणि त्यांत कळी थोडी थोडी सोडावी. कळीवर पाणी ओतूं नये. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि मुलें लांब, हे नियम कांटेकोर पाळावे. चुना डोळ्यांत गेलाच, तर वाहत्या स्वच्छ पाण्यानें निदान वीस मिनिटें डोळा धूत राहावें आणि तडक डॉक्टरांकडे जावें. तूप, दूध असले उपाय करण्यांत वेळ दवडूं नये.

दुसरा धोका जुन्या दारां-खिडक्यांवर दडलेला असतो. पूर्वींच्या तेलरंगांत शिसें असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ मध्यें झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलांत आला. त्यापूर्वींचा रंग संशयित समजावा. तो कोरडा घासला, कीं त्याची धूळ श्वासावाटें आणि हातांवाटें पोटांत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तर शिसें फार घातक आहे. म्हणून असा रंग पाण्यानें ओला करूनच कांचकागदानें घासावा, खालीं जुनें कापड अंथरावें, पोपडे गोळा करून बांधून टाकावे आणि काम संपेपर्यंत मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलींत येऊं देऊं नये. जमीन झाडूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. रंग घट्ट असेल, तर तो न खरवडतां त्यावरच नवा हात द्यावा.

सदनिकेंत राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, कीं हें सारें जुन्या वाड्यांचें पुराण झालें. तसें नाहीं. सिमेंट-काँक्रीटच्या घरास तयार डब्यांतला इमल्शन रंग योग्यच आहे. पण वरच्या मजल्यावरील न्हाणीघर गळत असेल, तर डब्यावर कोणत्याही कंपनीचें नांव असो, रंग सुटणारच. नव्या सिमेंट-गिलाव्यास निदान एक महिना दिल्यावांचून रंग देऊं नये. बुरशी आली असेल, तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें ती पुसून, खिडक्या उघड्या ठेवून भिंत पुरती वाळवावी. बुरशीवर रंग देणें म्हणजे तिला पांघरूण घालणें होय. हें पुसतांना वा खरवडतांना विजेच्या बटनांजवळचें काम मुख्य कळ बंद करूनच करावें. शिडीचा पाय भिंतीपासून शिडीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतका दूर ठेवावा; बारा फुटांवर टेकणाऱ्या शिडीला तीन फूट, असा हिशेब.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. रंग आणण्यापूर्वीं फीतपट्टी काढावी. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल, तर चार भिंतींचें क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होतें. एक दार ७ फूट बाय ३ फूट आणि दोन खिडक्या प्रत्येकीं ४ फूट बाय ३ फूट धरल्या, तर ४५ चौरस फूट वजा करून ३९५ उरतात. दोन हात द्यावयाचे म्हणजे ७९०. एका लिटरांत किती जागा रंगते, हें डब्यावर छापलेलें असतें, त्यानें भागावें. इतकें केलें तर निम्मा डबा वर्षानुवर्षें माळ्यावर सुकत पडत नाहीं.

राहिली रंगाची निवड. ती ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. दुकानांतील बोटभर नमुन्यावरून मात्र ती करूं नये. दोन फूट चौरस जागा रंगवून ती सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत पाहावी; एकच रंग तीन वेळां तीन तऱ्हांचा दिसतो. अंधाऱ्या खोलीला पांढऱ्यासारखा मित्र नाहीं.

आमच्या माजघराची हकीकत अर्धी राहिली आहे, ती सांगून पुरी करतों. सिमेंट उतरवून, मोरी दुरुस्त करून झाल्यावर मीं त्या म्हाताऱ्या सफेदीवाल्यास बोलावणें धाडलें. तो मला दोन शब्द सुनावील, अशी माझी अपेक्षा होती. त्यानें पूर्वींप्रमाणेंच उघड्या भिंतीवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, दोन उन्हाळं जाऊं द्या." आम्ही दोन उन्हाळे जाऊं दिले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी पेन्सिलीनें रेघ ओढी, आणि आई पलीकडच्या खोलींतून विचारी, "आज किती उतरली रे?" प्रथम खांद्याशीं असलेली रेघ कमरेशीं आली, मग गुडघ्याशीं आली, आणि दुसऱ्या वैशाखांत जोत्याखालीं गेली. तेव्हां चुन्याचा गिलावा केला, आणि त्या दिवाळीस म्हाताऱ्यानें सफेदीचे हात दिले. आई आपली खाट घेऊन पुन्हा माजघरांत आली.

कपाटामागची हातभर भिंत मीं मुद्दाम जशीच्या तशी ठेविली आहे. तिच्यावर त्या रेघा आणि त्या तारखा अजून आहेत. नातवंडें विचारतात, कीं आजोबा, एवढाच तुकडा रंगवायचा का राहिला? त्यांना मी हौदाचें उदाहरण घालतों.

श्रोतेहो, या पावसाळ्यांत आपणही एक पेन्सिल हाताशीं ठेवावी, एवढीच विनंति.